पहिला फोन कुणाला?

जयमाला सस्ते जेवायला बसली की ताटाच्या डाव्या अंगाला, मीठ-लिंबाच्या शेजारी, तिचा फोन असायचा. तोही उपडा नाही, उताणा. वाजायच्या आधी स्क्रीन उजळते, तेवढा अर्धा क्षणसुद्धा तिला वाया घालवायचा नसे. एकवीस वर्षांची सवय होती ती.

मोशीच्या सस्त्यांची ही सून. बी.कॉम. झालेली. चाकणला गाडीतली सीट पुढे-मागे सरकवायच्या लोखंडी पट्ट्या बनवणारा कारखाना आहे, तिथं डेटा एंट्रीला लागली तेव्हा अख्ख्या ऑफिसात दोन कॉम्प्युटर होते आणि त्यांतल्या एकावर साहेबांची टोपी ठेवलेली असे. पुढं सर्व्हर आला. बसवणारा माणूस तो बसवून, वहीच्या फाटक्या पानावर सात ओळी लिहून निघून गेला. त्या सात ओळींवरून जयमाला शिकत गेली. चुकत शिकली, रडत शिकली, पण शिकली. हुद्द्याच्या कागदावर 'सिस्टिम असिस्टंट' असलं तरी गेटपासून कँटीनपर्यंत ती 'सर्व्हरवाली ताई'.

सर्व्हर अडला की खोक्यांवरची लेबलं छापायची थांबतात, लेबलाविना खोकं बाहेर पडत नाही, आणि गाड्या गेटाशी रांगेत उभ्या राहतात. मग जयमालाचा फोन वाजायचा. "ताई, लेबल निघंना!" ती कुठंही असो, भाजीच्या गाड्यावर, पालकसभेत, लग्नाच्या पंगतीत, डाव्या हातानं फोन कानाला लावून उठायची आणि मांडवाच्या कोपऱ्यात जाऊन सांगायची, "काळा नाही रे, त्याच्या खालचा करडा डबा. बटण दाब आणि वीस आकडे मोज." आवाज गरजेपेक्षा किंचित मोठा. पंगत वळून बघायची. सासूबाई, ठकुबाई, शेजारच्या बाईला सांगायच्या, "आमच्या सुनंबिगर कंपनी हालत न्हाई बाई." जयमाला परत येऊन गार झालेला भात खायची. आणि खरं सांगायचं तर, असा गार भात तिला गोड लागायचा.

त्या फोनवर घाला घातला इफ्फत मुजावरनं.

इफ्फत मूळची मिरजेची, वय सत्तावीस. बाणेरच्या एका आयटी कंपनीत कामाला, सांगवीत दोन मैत्रिणींबरोबर खोली घेऊन राहणारी. कारखान्यानं सर्व्हरवर लक्ष ठेवायची नवी यंत्रणा बसवायचं काम त्या आयटी कंपनीला दिलं आणि इफ्फत सोमवार, मंगळवार, बुधवार चाकणला येऊ लागली. उरलेले दिवस ती आपल्या ऑफिसात बसे. टाइप करताना कीबोर्डकडे बघायची नाही, समोरच्याशी बोलत बोलत बोटं चालायची. जयमालाला ती बोटं बघवत नसत. अजून एक गोष्ट तिला बघवत नसे. प्लँटचे खळदकर साहेब आठव्या दिवशी पोरीला 'इफ्फत मॅडम' म्हणू लागले. जयमाला एकवीस वर्षं 'ताई'च होती. ताई म्हणवून घेण्यात वाईट काही नाही, पण मॅडम हा शब्द साहेबांना येतो, हे तिला तेव्हा कळलं.

"ताई, हा अलर्ट हँडलर," इफ्फतनं पहिल्याच दिवशी स्वतःची खुर्ची तिच्याकडं सरकवून समजावलं होतं. "सर्व्हरला काही दुखलं-खुपलं की यालाच आधी कळतं. याला जमेल ते हा स्वतः करतो, नाही जमलं तर माणसाला फोन लावतो. कशाला काय करायचं, कुणाला कधी फोन करायचा, हे सगळं या एका कॉन्फिग फाइलीत लिहायचं. फाइलीत असेल तेवढंच त्याला कळतं. त्याच्या बाहेरचं काही नाही."

"म्हणजे दूध गॅसवर ठेवून शेजारणीला सांगून जायचं, तसं," जयमाला म्हणाली.

"अगदी तसंच!" इफ्फत हसली. "फक्त ही शेजारीण गप्पा मारत बसत नाही."

जयमाला हसली नाही. ती शेजारीण एकवीस वर्षं आपणच होतो, एवढंच तिच्या मनात आलं.

मग इफ्फतनं एक फॉर्म पाठवला, चाळीस प्रश्नांचा. कुठला डबा कशासाठी, खोलीत किती गरमी चालते, कुठल्या वेळी काय अडतं. एकवीस वर्षांत जे जयमालानं डोक्यात साठवलं होतं ते सगळं चाळीस रकान्यांत ओतून द्यायचं. गळ्यातली सरी काढून दुसरीला घालायला द्यावी तसं तिला वाटलं. द्यायचं तर होतंच. मग तिनं हात आखडून दिलं. जिथं चार ओळी लिहायच्या तिथं चार शब्द. सदतिसावा प्रश्न होता, 'साप्ताहिक सुट्टी कोणती? त्या दिवशी दुरुस्तीवाले वायरी काढतात-घालतात, म्हणून हँडलर माणसांना फोन करणार नाही.' जयमालानं लिहिलं, 'नेहमीप्रमाणे.'

आता पिंपरी-चिंचवड, भोसरी, चाकण या पट्ट्यात वाढलेल्या कुणालाही विचारा, कारखान्याची सुट्टी कधी? गुरुवारी. गुरुवारी इथं बारशी होतात, जावळं निघतात, कपाटं आवरली जातात. जयमालाचा कारखाना भोसरीहून चाकणला आला तेव्हा मशिनांबरोबर आपला गुरुवारही घेऊन आला. रविवारी तिथं पूर्ण तीन शिफ्ट चालतात. पण हे कुणी कुणाला सांगत नाही, जसं सूर्य कुठून उगवतो ते सांगत नाही. आणि इफ्फत गुरुवारी कधी चाकणला आलीच नव्हती.

फाइल तयार झाली तशी तिनं ती जयमालाला मेल केली. 'ताई, एकदा नजरेखालून घाला. तुमच्याइतकं बारीक कोणी बघणार नाही.' जयमालानं जेवणाचा डबा बाजूला सारला आणि फाइल उघडली. चूक काढायचीच, या इराद्यानं एकेक ओळ बोट ठेवून वाचत गेली. लिहिणं मात्र नीटनेटकं होतं मेलीचं. एकाखाली एक, समासात दोन-दोन जागा सोडून, ओळंब्यात धरल्यासारखं. लेबलं अडली तर काय करायचं ते बरोबर. डिस्क भरली तर काय, तेही बरोबर.  आणि मग ती ओळ आली. सुट्टी : शनिवार, रविवार.

तिनं पुन्हा वाचली. पाणी प्यायली. मग फाइल पुढं न वाचताच बंद केली आणि उत्तर पाठवलं, 'ठीक आहे.'

त्या संध्याकाळी घरी तिनं पुरणपोळ्या केल्या. ठकुबाई म्हणाल्या, "आज काय सण हाय का गं?"

"सहज," जयमाला म्हणाली.

शुक्रवारी सकाळी हँडलर चालू झाला. दुपारी अडीचला, शिफ्ट बदलताना, लेबलं नेहमीसारखी अडली. जयमालानं फोनकडं हात नेला तोवर तोच उजळला. निरोप होता : 'लेबल सेवा थांबली होती. पुन्हा सुरू केली आहे. आपण काही करण्याची गरज नाही.' जयमालानं शेवटचं वाक्य पाच वेळा वाचलं. कँटीनमधून पॅकिंगचा सुपरवायझर ओरडला, "ताई, आता तुम्ही निवांत! रिटायर झाल्यासारखंच की!" सगळे हसले. तीही हसली, चेहऱ्याच्या कडेनं.

शनिवारी फोन मुका. शनिवारी त्यानं मुकंच राहायचं होतं, ते अख्ख्या कारखान्यात एकट्या जयमालाला ठाऊक होतं.

रविवारी तिनं रजा टाकली होती. नणंदेच्या, इंद्रायणीवन्संच्या मुलीचा, आरोहीचा साखरपुडा होता सांगवीत. एप्रिलचं ऊन, हॉल एसीचा, दोनशे माणूस. ओटी भरून झाली, पंगत बसली. जयमालानं सवयीनं फोन मिठाशेजारी ठेवला. इंद्रायणीवन्सं जिलेबी वाढत तिच्यापाशी आल्या आणि थबकल्या.

"काय वहिनी, आज कंपनीचा फोन नाही? नाहीतर आमच्या एका कार्यात तुम्ही बसून जेवल्याचं आठवत नाही."

"आता मशीनच करतंय म्हणं समदं," ठकुबाई मध्येच बोलल्या. "कोण मिरजंची पोरगी आलीया, तिनं फाइल लिवलीया. हिला कोन इचारतंय आता."

सासूबाईंच्या बोलण्यात खोट नव्हती. त्यांनी आपलं ऐकलेलं सांगितलं. पण शेजारच्या तीन बायकांनी मान वळवून जयमालाकडं बघितलं, आणि ते बघणं पूर्वीच्या बघण्यासारखं नव्हतं. कानाची पाळी तापली तिची. तेवढ्यात दिवे गेले. पंखे थांबले, एसी थांबला, "आई गं" असा एक सूर उठला, आणि मिनिटभरात जनरेटर धडधडून दिवे परत आले. पंखेही फिरू लागले. एसी मात्र गपच. हॉलचा माणूस रिमोट शोधत धावला. वीज गेली की तो एसी आपणहून परत चालू होत नसे.

जयमालाचा जिलेबीचा हात तिथंच थांबला.

सर्व्हरच्या खोलीतला एसीही याच जातीचा. दोन वर्षं ती नव्यासाठी अर्ज करत होती. चाकणला वीज गेली, तर सर्व्हर बॅटरीवर आणि मग जनरेटरवर चालत राहतात, आणि एसी मात्र कुणी रिमोट दाबेपर्यंत झोपून राहतो. एप्रिलच्या दुपारी तासाभरात ती खोली भट्टी होते. हँडलरला ते कळेल, पण एसीचं बटण दाबायला त्याला हात नाहीत. त्यानं माणसाला फोन करायचा. आणि आज रविवार होता.

चाकणला वीज गेली असेल कशावरून? सांगवीत गेली म्हणून तिथंही जाते थोडीच. तिनं जिलेबी तोंडात टाकली. आणि गेलीच असली तर? तर अजून थोड्या वेळात सर्व्हर बंद पडेल, लेबलं थांबतील, गाड्या उभ्या राहतील, आणि मग हा फोन वाजेल. इथं, या तीन बायकांसमोर, इंद्रायणीवन्संसमोर. ती उठेल, डाव्या हातानं फोन कानाला लावून कोपऱ्यात जाईल. तिनं काहीच करायचं नव्हतं. नुसतं बसून जेवायचं होतं.

ती बसली. मसालेभात घेतला. मठ्ठा घेतला. आरोहीच्या सासरचे लोक ओळख करून द्यायला आले, त्यांच्याशी बोलली. मठ्ठ्याला चव नव्हती. डोळ्यांसमोर तो करडा डबा येत होता. एकदा सातव्या महिन्यात असताना ती त्याच्याजवळ रात्रपाळीभर बसून होती, साडीच्या पदरानं त्याच्या जाळीवरची धूळ पुसत. त्याला काय ठाऊक, कुणावर रुसलीय ही.

वीस मिनिटं ती अशी बसली. मग उष्ट्या हातानंच उठली. फोन वाजला नव्हता. तिनं लावला होता, गेटवरच्या मुरारीला.

"मुरारी, वीज गेलती का तिकडं?"

"व्हय की ताई. अर्धा-पाऊण तास झाला आसंल. जनरेटर हाय चालू."

"पळ. सर्व्हरच्या खोलीच्या दाराला हात लावून बघ."

धापा ऐकू आल्या. मग, "ताई, दार तव्यावानी तापलंय!"

"दार उघड. डाव्या हाताला फ्यूजच्या पेटीखाली सुतळीला रिमोट बांधलाय. दाब. आणि कँटीनमधला उभा पंखा आणून दारात लाव. लगेच!"

मोठ्यानं बोलली होती ती. गरजेपेक्षा नव्हे, गरजेइतकंच. मागं वळून बघितलं तर कुणाचंच लक्ष नव्हतं. सगळे नवऱ्यामुलीचा फोटो काढत होते.

सर्व्हर वाचले. पण एक डबा तोवर स्वतःहून बंद पडला होता, तो सावरेपर्यंत पॅकिंग चाळीस मिनिटं थांबलं आणि पुण्याबाहेर जायची एक गाडी उशिरा निघाली.

सोमवारी नऊ वाजता साहेबांच्या केबिनमध्ये खळदकर, इफ्फत, जयमाला आणि तो पॅकिंगचा सुपरवायझर. साहेबांनी आधी जयमालाकडं बघून हात जोडले.

"जयमाला मॅडम, तुम्ही होता म्हणून निभावलं."

मॅडम. एकवीस वर्षांनी. जयमालाला वाटलं होतं त्यापेक्षा तो शब्द हलका निघाला.

"आणि हे खेळणं," साहेब इफ्फतच्या लॅपटॉपकडं बोट करून म्हणाले, "हे काढून टाका. आमच्या ताईंना साखरपुड्यात बसून कळतं, ते याला खोलीत बसून कळत नाही?"

"सर, त्याला कळलं होतं." इफ्फतचा चेहरा लाल झाला होता. तिनं स्क्रीन फिरवली. "बारा बावन्नला गरमीची नोंद आहे. त्यानं फोन अडवून ठेवला, कारण सुट्टी होती. रविवार..." ती थांबली. "रविवारी प्लँट चालू असतो?"

सुपरवायझर फिस्सकन हसला. "अहो मॅडम, रविवारी चालू म्हणजे काय! सुट्टी गुरुवारी. चाकणमध्ये कुत्र्यालासुद्धा माहितीय!"

"मी विचारलं होतं," इफ्फत पुटपुटली आणि तिनं तो फॉर्म उघडला. सदतिसाव्या प्रश्नापाशी तिचं बोट थांबलं. 'नेहमीप्रमाणे.' फॉर्म कुणी भरलाय ते वरच लिहिलेलं होतं. तिनं मान वर करून जयमालाकडं बघितलं. 

इफ्फतनं लॅपटॉप मिटला. "सॉरी सर. मी खात्री करून घ्यायला हवी होती. माझी चूक आहे."

झालं. एवढंच बोलली ती. दुसरी कुणी असती तर फॉर्म साहेबांच्या नाकासमोर धरला असता. जयमालानं स्वतः धरला असता! आणि ते समजल्यावर तिच्या मनात जे काही उठलं ती दया नव्हती बरं का. ती होती तीच जुनी आग. बोटं हिची वेगात, मॅडम ही आठ दिवसांत, आणि आता हे समजूतदार गप्प राहणंही हिलाच जमावं? यातही हीच पुढं? नाही, एवढं मात्र तिला घेऊ द्यायचं नाही.

"साहेब," जयमाला म्हणाली, "तो फॉर्म मी भरला होता. सुट्टीपुढं गुरुवार लिहिला नाही. आणि फाइलही मी वाचली होती. शनिवार-रविवार लिहिलेलं मला दिसलं होतं."

"दिसलं होतं?" खळदकर म्हणाले. "मग बोलला का नाहीत?"

 एकवीस वर्षांचं उत्तर केबिनमध्ये काय देणार? सुपरवायझरनं चहाचा कप उगाचच हलवला. शेवटी साहेबच वैतागून म्हणाले, "दोघींनी बसून आजच्या आज ते नीट करा. चालू दे ते मशीन. आणि एसीचा अर्ज पुन्हा द्या. मी सही करतो."

सर्व्हरच्या खोलीत दोघी शेजारी बसल्या. 

"तुम्ही बघितलं होतं, ताई," इफ्फत म्हणाली. रागानं. "बोलला असतात तर ती गाडी थांबली नसती. माझी नोकरी गेली असती. मी तुमच्याकडं शिकायला बसत होते इथं!"

"हो," जयमाला म्हणाली. "बघितलं होतं. मला तुझा राग येत होता. अजून येतो."

 इफ्फत कीबोर्ड जयमालापुढं ढकलून म्हणाली, "घ्या. तुम्हीच लिहा."

जयमालानं सुट्टीच्या ओळीतून शनिवार-रविवार खोडला आणि गुरुवार लिहिला. एकेक अक्षर शोधत. नवी ओळ घेताना टॅब दाबला. फाइल चालेना.

"टॅब नाही. दोन स्पेस," इफ्फत रागातच म्हणाली. "रांगोळीचा ठिपका चुकला की सगळी रांगोळी चुकते ना? तसं."

दोन स्पेस दिल्या. चालली. मग जयमाला खाली सरकली, त्या दिवशी वाचायची राहिलेल्या ओळींकडं. फोन कुणाला करायचा, त्याची यादी. पहिलं नाव इफ्फत मुजावर. तिनं पंधरा मिनिटांत उचलला नाही तर, जयमाला सस्ते.

"मी दुसरी?"

"तुम्हाला निदान जेवताना उठायला लागू नये म्हणून केलं ते!"

"तुला कुणी सांगितलं मला उठायला आवडत नाही?"

इफ्फतनं जयमालाचा चेहरा बघितला. मग म्हणाली, "ठीक आहे. शनिवार-रविवार मी सुट्टीवर. तेव्हा तुम्ही पहिल्या. गुरुवारी तर फोनच नाहीत. उरले चार दिवस."

"चारही माझे."

"असं कसं? काम माझ्या कंपनीचं आहे. जाब मला विचारते ती. माझे."

"माझे."

"ताई, तुम्ही ना..." इफ्फतनं कीबोर्ड ओढून घेतला, चार-दोन ओळी बडवल्या. "हे घ्या. चार दिवस दोघींना एकदम. जी आधी उचलेल तिचा. पंधरा मिनिटांची भानगडच नको."

"एकदम म्हणजे एकाच क्षणाला?"

"एकाच क्षणाला. तपासून बघा."

जयमालानं आपला फोन टेबलावर ठेवला. उताणा. इफ्फतनं तिचा शेजारी ठेवला, मग जरा विचार करून तोही उताणा केला. इफ्फतनं हँडलरला खोटीच गरमी कळवली आणि दोघी हात मांडीवर ठेवून बसल्या.

दोन्ही फोन एकाच क्षणी उजळले. इफ्फतची बोटं वेगवान होती, यात वाद नाही. पण ती फोन वाजायची वाट बघत होती.

"हॅलो," जयमाला म्हणाली.